चित्रामागचें कापड

चित्रांच्या प्रदर्शनास गेलेला मनुष्य चित्रें पाहतो. तीं ज्या कापडावर टांगलेलीं असतात तें कापड कोणी पाहत नाहीं. तें कोणाच्या नजरेंत भरूं नये, यांतच त्याचें सार्थक आहे. परंतु त्यावर चहाचा एखादा ओघळ, बोटांचे मळकट ठसे अथवा मागल्या खेपेच्या चिकटपट्टीचा पिवळा चौकोन राहिला असला, कीं पाहणाराची दृष्टि चित्रावरून घसरते व नेमकी तेथेंच जाऊन बसते. पंचपक्वान्नांचें ताट वाढावें आणि पाटच धुळीनें भरलेला असावा, तसा हा प्रकार होतो.

अशा कापडी फलकांची स्वच्छता हा घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या मासिकाचा विषय आहे काय, अशी शंका कोणी काढील. त्यास आमचें उत्तर असें, कीं हल्लीं मध्यम स्थितींतल्या बहुतेक कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी कुंचला हातीं धरणारी निघते. शाळेचें स्नेहसंमेलन, गणेशोत्सवांतील प्रदर्शन, महिला मंडळाचें भरतकाम, या सर्वांस असले फलक लागतात. आणि प्रदर्शन संपलें, कीं ते धुण्याचें काम बहुधा घरींच येऊन पडतें. दुसरें कारण आमचें स्वतःचें आहे. या कामीं एकदां आमच्या हातून मोठी चूक घडली व तिचें प्रायश्चित्त दुसऱ्या कोणास भोगावें लागलें. ती हकीकत पुढें येईलच.

आमच्याकडे चित्रप्रदर्शनांची परंपरा कांहीं कालची नव्हे. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं निघाली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालीं उघडली. त्या ठिकाणीं चित्रांस पक्क्या भिंतीचा आधार असतो. परंतु १९९९ पासून मुंबईंत भरूं लागलेला काळा घोडा कलामहोत्सव, किंवा २००८ पासून दिल्लीस भरूं लागलेला मोठा कलामेळा, असल्या ठिकाणीं चार दिवसांपुरत्या भिंती उभाराव्या लागतात. कोठें लांकडी तक्त्यावर कापड ताणून बसवितात, कोठें ॲल्युमिनियमच्या चौकटींत छापील कापड खोवितात. बाजारांत यांस ‘पॅनेल’ म्हणतात. आम्ही फलक म्हणूं. साधारणतः ८ फूट उंच व ४ फूट रुंद असा एकेक फलक असतो. मेळा संपतांच तो सोडून मोटारींत घालतात, पुन्हां दुसऱ्या गांवीं उभा करितात. अशा प्रवासांत त्यावर धूळ, घाम, तेल व डिंक यांचे थर न बसले तरच नवल!

गेल्या दिवाळींत आमची पुतणी परतवाड्यास आली ती असले सहा फलक बरोबर घेऊनच. ती मुंबईस चित्रें काढते व वर्षांतून दोनदां कलामेळ्यांत स्टॉल मांडते. “काका, मुंबईंत हे धुवून वाळवायला जागाच नाहीं. तुमच्या अंगणांत होईल का?” असें तिनें विचारलें. जागा होती, उन्हाला तोटा नव्हता आणि सेवानिवृत्त शिक्षकास वेळेचीहि वाण नसते. परंतु फलक अंगणांत उभे राहिलेले पाहिले आणि आमच्या छातींत कांहींसें धस्स झालें. तीस वर्षांपूर्वींचें दुसरें एक अंगण आम्हांस आठवलें.

त्या वेळीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं व वार्षिक स्नेहसंमेलनांतील प्रदर्शनाचा भार आमच्यावर असे. परतवाडा हें मेळघाटाच्या पायथ्याशीं वसलेलें सागवानाच्या व्यापाराचें गांव. तेव्हां शाळेचे फलकहि अस्सल सागाच्या चौकटींचे होते. त्यांवर पांढरें मांजरपाट ताणून कडेनें बारीक चुका ठोकलेल्या. चार महिने पावसाळा कोठींत काढल्यामुळें कापडावर करडे ठिपके आले होते. प्रदर्शन तीन दिवसांवर आलें होतें. आम्हीं गांवांतील एका वृद्ध परटास बोलाविलें. त्यांनीं फलकाभोंवतीं एक फेरी घातली, चौकटीवर नख घासून पाहिलें आणि म्हणाले, “गुर्जी, कापड चौकटीवरून काहाडून द्या मले. सागाले पानी लागलं का त्याचा रंग उतरते. मंग तो डाग निंघत नाही जी.”

एकेका फलकास शंभरावर चुका, बारा फलक, आणि हातीं तीन दिवस! आम्हीं म्हटलें, “भाऊ, साग तर पाण्यांत टिकतो म्हणून त्याच्या होड्या करितात. तो काय रंग सोडणार? तुम्ही असेंच धुवा.” होड्यांची गोष्ट खरी आहे, परंतु लांकूड टिकणें वेगळें आणि त्यांतील रंग न सुटणें वेगळें, हा भेद त्या वेळीं आमच्या ध्यानांत आला नाहीं. आमच्या बोलण्यांत युक्तिवादापेक्षां गुरुजीपणाचा ताठाच अधिक होता. त्यांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें व मुकाट्यानें कामास लागले.

दुसऱ्या दिवशीं कापड पांढरेंशुभ्र दिसूं लागलें. आम्ही मनांत हंसलों. वरून कोरडें भासणारें तें कापड चौकटीपाशीं व पाठीमागें ओलेंच होतें, हें कोणी हात लावून पाहिलें नाहीं. संध्याकाळीं मुलांनीं चित्रें लावलीं. सकाळीं दार उघडून पाहतों तों प्रत्येक फलकाच्या कडेनें तपकिरी पट्टा उमटलेला, आणि ज्या चित्रांच्या कडा चौकटीवर आल्या होत्या त्यांच्या कागदांत तो रंग चढलेला! नववींतल्या एका मुलीनें गाविलगडाच्या दरवाज्याचें जलरंगांतील चित्र काढलें होतें. सहा आठवडे ती तें रंगवीत होती व प्रदर्शनानंतर तें जिल्ह्याच्या स्पर्धेस जावयाचें होतें. गडाच्या पायथ्याशीं चहा सांडल्यासारखी एक वांकडी रेघ आली होती आणि कागद फुगला होता. ती मुलगी रडली नाहीं, कांहीं बोललीहि नाहीं. तिनें चित्र काढून गुंडाळलें व घरीं नेलें. स्पर्धेची मुदत दोन दिवसांनीं संपत होती.

आम्हीं तिची क्षमा मागितली नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची त्या काळीं रीत नव्हती, असें म्हणून आम्हीं स्वतःची समजूत घातली. ती समजूत पुढें कधीं नीटशी पटली नाहीं, एवढेंच येथें नमूद करितों.

असो. त्या प्रसंगानंतर आम्हीं या विषयाचा थोडाबहुत अभ्यास केला. सांगण्यासारखी पहिली गोष्ट आम्हांस घरच्याच पोथींत सांपडली. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचा विचार आहे. त्यांत सर्व वस्त्रांस एकच उपाय सांगितलेला नाहीं. रेशीम व लोंकर यांस खारी माती, कांबळ्यांस अरिष्टक म्हणजे रिठा, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांस पांढरी मोहरी, असे निरनिराळे शोधक पदार्थ सांगितले आहेत. हा तपशील आज जसाच्या तसा उचलूं नये. कारण तीव्र क्षारानें रेशीम व लोंकर यांची हानि होते, असें आधुनिक रसायनशास्त्र सांगतें. परंतु आधीं धागा ओळखावा, मग शोधक पदार्थ निवडावा, हें त्यांतील तत्त्व मात्र आजहि तितकेंच खरें आहे. वस्त्राखालीं काय आहे तेंहि पाहावें, एवढी पुस्ती आम्हीं आमच्या अनुभवानें त्यास जोडली.

आतां धाग्यांकडे वळूं. फलकांवर बहुधा चार जातींचें कापड असतें. पहिलें सुती, म्हणजे मांजरपाट, खादी किंवा जाड कॅनव्हास. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख असल्यानें हें आमच्या परिचयाचें. तें पाण्यास भीत नाहीं. मात्र कोरें असल्यास पहिल्या धुण्यांत आटतें, म्हणून ताणण्यापूर्वींच एकदां भिजवून घ्यावें. दुसरें तागाचें. तें दिसावयास भारदस्त, पण स्वभावानें मोठें हट्टी. तागांत लांकडासारखाच एक घटक असतो. त्यामुळें एका जागीं पाणी पडलें, कीं वाळतांना त्या जागेच्या कडेनें तपकिरी वलय उमटतें. म्हणून तागास होतां होईल तों पाणी लावूंच नये. तिसरें लोंकरीचें फेल्ट, म्हणजे आपला नमदा. ऊन पाणी व घासणी यांनीं तें आटून घट्ट होतें व पूर्ववत् होत नाहीं. चौथें पॉलिएस्टर व नायलॉन यांचें. यांतच तें लवदार करडें कापड येतें, ज्यावर आंकड्यांची पट्टी दाबली म्हणजे चित्र आपोआप धरून राहतें. आमच्या पुतणीचे चार फलक याच जातीचे होते व दोन तागाचे.

कोणताहि फलक असो, पहिली पायरी कोरडीच असावी. धूळ ओली केली, कीं तिचा चिखल होऊन ती धाग्यांत शिरते. मग ती धूळ राहत नाहीं, डाग होते. म्हणून फलक उभा करून वरून खालीं मऊ कुंचल्यानें झाडावा. व्हॅक्यूम यंत्र असल्यास त्याच्या तोंडावर पातळ जाळीचें कापड बांधून मंद वेगानें फिरवावें, म्हणजे सुटे धागे ओढले जात नाहींत. लवदार कापडांत केंस व लोंकरीचे तंतु अडकतात. ते रुंद चिकटपट्टी हातास उलटी गुंडाळून टिपून घ्यावे. पुतणीच्या सहा फलकांपैकीं तीन एवढ्यानेंच स्वच्छ झाले. पाण्याचा थेंबहि लागला नाहीं.

यानंतर डाग. डागास हात लावण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें ओळखावें, आणि जो उपाय करावयाचा तो फलकाच्या पाठीमागें किंवा खालच्या कोपऱ्यांत करून पाहावा. कोपरा पूर्ण वाळल्यावर रंग फिका झाला नाहीं, वलय उमटलें नाहीं, तरच पुढें जावें. डाग घासूं नये. पांढऱ्या फडक्यानें बाहेरून आंत टिपीत जावें, म्हणजे तो पसरत नाहीं.

तेलाचे व हाताचे ठसे असतील तर त्यांवर खडूची वस्त्रगाळ पूड किंवा मुलतानी माती पसरून रात्रभर ठेवावी व सकाळीं झाडून काढावी. तेल पुडींत ओढलें जातें. चहाचा डाग सुती कापडावर असेल तर तो ताजा असतांनाच थंड पाण्यानें टिपावा. बॉलपेनच्या शाईस स्पिरिट चालतें. मात्र कापड चौकटीवरून काढून डागाखालीं टिपकागद ठेवावा आणि पाठीमागून बोळ्यानें टिपावें, म्हणजे शाई ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें परत जाते. स्पिरिट पेट घेतें, तेव्हां जवळ निरांजन किंवा शेगडी नसावी. टांचण्यांच्या गंजाचे ठिपके पांढऱ्या सुती कापडावर लिंबू व मीठ लावून उन्हांत धरल्यास फिके होतात. नंतर तें कापड भरपूर पाण्यानें धुवावें. रंगीत कापडावर हा प्रयोग करूं नये.

हळदीची गोष्ट आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. साबण लागतांच ती लाल होते व पाहणारीचा जीव घाबरा होतो. तो क्षाराचा परिणाम होय. साबण पूर्ण धुवून काढला कीं तांबडेपणा जातो. उरलेला पिवळा डाग ऊन हळूहळू खाऊन टाकतें, कारण हळदीचा रंग प्रकाशांत टिकत नाहीं. मेळ्यांत जेवणाचे डबे फलकाशेजारींच उघडले जातात, तेव्हां हें ज्ञान वरचेवर उपयोगीं पडतें.

एक धोक्याची सूचना येथेंच करितों. कापड पांढरें करणारें क्लोरिनचें द्रव लोंकर, रेशीम व ताग यांस कधींच लावूं नये. तें लिंबू, व्हिनेगर अथवा संडास धुण्याच्या आम्लाशीं मिसळल्यास विषारी वायु निघतो. घाईच्या वेळीं दोन बाटल्या एकाच बालदींत ओतण्याचा मोह होतो. तो प्राणावर बेतूं शकतो.

धुणें अपरिहार्यच झालें तर कापड आधीं चौकटीवरून काढावें. चुका उपटावयास एक दिवस मोडेल, मोडूं द्यावा. सुती कापडास रिठ्याचें पाणी किंवा सौम्य साबण पुरे. रंगीत किंवा छापील कापड थंड पाण्यांत, न पिळतां धुवावें. ॲल्युमिनियमच्या चौकटीचें कापड कडेच्या रबरासारख्या पट्टीस धरून हळू ओढलें म्हणजे सुटतें. त्याची घडी घालण्याऐवजीं गुंडाळी करावी, आणि इस्त्री बेताचीच गरम असावी.

परंतु धुण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो, व तो बहुतेकांस सुचत नाहीं. मोठ्या मेळ्यांतील कापडास आग लवकर धरूं नये म्हणून कित्येकदां विशिष्ट क्षारांचें पाणी चढविलेलें असतें. त्यांतले पुष्कळ क्षार पाण्यांत विरघळणारे असतात. कापड धुतलें कीं ते निघून जातात आणि वरून स्वच्छ दिसणारा फलक आगीच्या दृष्टीनें निराधार होतो. वीज, दिवे व गर्दी यांच्यामध्यें उभ्या राहणाऱ्या स्टॉलांत ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून फलक ज्यांच्याकडून घेतला त्यांस आधीं विचारावें. आणि धुतला असल्यास तो संस्कार पुन्हां करून घ्यावा.

वाळविण्याच्या कामीं आमचें वऱ्हाड भाग्यवान् आहे. दिवाळीनंतरची येथील हवा कोरडी व उन्हें स्वच्छ असतात. रंगीत कापड मात्र सावलींत, उलट्या बाजूनें वाळत घालावें. तें वाळलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. तळहाताची पाठ लावून पाहावी. जरा गार लागलें तर आंत ओल आहे असें समजावें. चौकटीचें लांकूडहि तसेंच तपासावें. आणि वाळलें अशी खात्री झाल्यावरहि एक पूर्ण दिवस जाऊं द्यावा, मगच त्यावर चित्र लावावें. हा एक दिवस आम्हीं त्या वेळीं दिला असता तर गाविलगडाचें तें चित्र वांचलें असतें.

फलक ठेवण्याची रीतहि महत्त्वाची आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर राहूं लागली म्हणजे बुरशी धरते, आणि आमच्याकडे पावसाळ्यांत ती सहज त्यापलीकडे जाते. म्हणून फलक भिंतीस न टेकवितां, जमिनीपासून उंच, उभे ठेवावे. त्यांवर प्लास्टिकऐवजीं धुतलेलें सुती कापड घालावें. आणि श्रावणांत उघडीप पडेल तेव्हां त्यांस वारा द्यावा. लोंकरीस कसर लागते ती विशेषतः मळलेल्या व घामट जागीं. तेव्हां ठेवण्यापूर्वींची स्वच्छता हाच तिच्यावर पहिला उपाय.

कापडाचा चित्रांवर व वस्तूंवर परिणाम होतो हें केवळ आमच्या अनुभवाचें बोलणें नाहीं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ॲन्ड्र्यू ऑडी या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं एक परीक्षा प्रसिद्ध केली. प्रदर्शनांत वापरावयाच्या कापडाचा तुकडा, थोडें पाणी आणि चांदी, तांबें व शिसें यांचे पत्रे बंद कांचपात्रांत ठेवून तें ६० अंश उष्णतेंत २८ दिवस ठेवावयाचें. पत्रे काळवंडले वा गंजले तर तें कापड मौल्यवान् वस्तूंजवळ ठेवावयास अयोग्य. लोंकरीतील गंधकानें चांदी काळी पडते, ही गोष्ट अशाच परीक्षेंत उघड होते. जगांतील अनेक संग्रहालयें आजहि ही परीक्षा वापरतात. ज्या कापडास आपण निर्जीव पार्श्वभूमि समजतों, तें आपल्या शेजाऱ्यास सतत कांहींना कांहीं देत असतें.

पुतणीच्या फलकांचें काय झालें तें सांगून पुरें करितों. तीन कोरड्या झाडणीनेंच उजळले. एकावरील तेलाचा डाग मुलतानी मातीनें गेला. तागाच्या एका फलकावर जुनें पाण्याचें वलय होतें. तें काढण्याचा नाद आम्हीं सोडला व फलक उलटा करून वलय खालीं, टेबलामागें येईल अशी व्यवस्था केली. कांहीं डागांस न शिवणें हाच उपाय असतो. सहावा फलक मात्र धुवावाच लागणार होता; त्यावर कोणाची तरी आमटी सांडली होती. सुदैवानें तें कापड पाण्याचेंच होतें आणि त्यावर आग-निवारक संस्कार नसल्याचें पुतणीनें विक्रेत्यास विचारून घेतलें.

त्याकरितां आम्हीं बाजारांतल्या इस्त्रीच्या दुकानांतून एका गृहस्थांस बोलावून आणलें. त्या वृद्ध परटांचे हे चिरंजीव. वडील केव्हांच निवर्तले. त्यांनीं फलकाभोंवतीं एक फेरी घातली, चौकटीवर बोट टेकलें आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गुर्जी, हे कापड निंघते का यावरून?”

संस्कृतांत धोब्यास रजक म्हणतात. हा शब्द रंगविणें या अर्थाच्या धातूपासून झाला आहे, हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें होतें. रंग कोठून येतो व कोठें जातो हें ज्यास कळतें तो रजक. आणि तो आमच्या अंगणांत उभा राहून आम्हांस सांगत असतां आम्हीं त्याचें ऐकलें नव्हतें.

“निंघतें,” आम्हीं म्हटलें, आणि पक्कड घेऊन स्वतःच चुका उपटावयास बसलों.